कुंपणाबाहेरून पहिल्या बेसपर्यंत : छोट्या कॉलेजच्या बेसबॉल संघात सहायक कोच होताना

१२ एप्रिल २०२२ ला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या सामन्यात पहिल्या बेसच्या कोचना अंपायरने मैदानाबाहेर काढलं आणि त्यांच्या जागी अलिसा नॅकन हेल्मेट घालून उभी राहिली. मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या व्यावसायिक बेसबॉलच्या) नियमित हंगामातल्या सामन्यात मैदानावर कोच म्हणून उभी राहिलेली ती पहिली स्त्री. दुसऱ्या दिवशी मुलीचा डबा भरता भरता मी ती बातमी ऐकली. त्यात ओघात आलं, की नॅकन सॅक्रामेंटो स्टेट विद्यापीठाकडून सॉफ्टबॉल खेळलेली आहे. पोळीला तूप लावायचं राहिलं आणि मी तशीच उभी राहिले.

सॉफ्टबॉल मीही खेळले होते. जळगावात, १९९७ ते २००१. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या (आता कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव आहे त्याला) संघातून दोनदा आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेले होते, शॉर्टस्टॉप म्हणून, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा राखायला. एप्रिलात मैदान इतकं तापायचं, की सर सकाळी सहालाच फक्की मारून तयार असायचे आणि नऊच्या आत सराव आटपायचा. लग्नानंतर ग्लोव्ह माळ्यावर गेला. २००९ मध्ये आम्ही मिनेसोटाला आलो. इथे मी घरून एका दवाखान्याचे हिशेब बघते. बेसबॉल टीव्हीवर बघायचे, तेवढाच खेळाशी संबंध उरला होता.

आमच्या घरापासून २२ मैलांवर एक छोटं खासगी कॉलेज आहे, दोन हजारांच्या आसपास विद्यार्थ्यांचं. त्याचा बेसबॉल संघ एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांची संघटना) डिव्हिजन ३ मध्ये, म्हणजे तिसऱ्या गटात, खेळतो. डिव्हिजन ३ म्हणजे खेळासाठी एक डॉलरचीही शिष्यवृत्ती नाही. मुलं स्वतःची फी भरून किंवा इतर मदतीवर शिकतात आणि वर हे सगळं करतात. अशा कॉलेजात कोचिंग स्टाफ असतो तरी कसा, त्यात बाहेरच्या माणसाला शिरता येतं का, हे मला काहीच माहीत नव्हतं. शोधूनही फारसं सापडलं नाही, मराठीत तर नाहीच. म्हणून हे सगळं तारखांसकट लिहून ठेवते आहे.

८ ऑगस्ट २०२२ ला मी मुख्य कोचना ई-मेल केला. पहिल्या मसुद्यात माझी सगळी कहाणी होती, तो पुसला. पाठवलेल्या मेलमध्ये पाच ओळी होत्या: मी कोण, कुठे खेळले, किती वर्षं खेळापासून लांब आहे, आठवड्यातले कोणते दिवस दुपारी साडेतीननंतर मोकळी आहे आणि कोणतंही काम करायची तयारी आहे. यातली वेळेची ओळ सर्वांत कामाची ठरली, असं कोचनी नंतर स्वतः सांगितलं. त्यांना मदत करू म्हणणारे बरेच येतात, पण बहुतेकांना फक्त शनिवारचे सामने हवे असतात.

तीन आठवडे उत्तर नाही. रोज सकाळी मेल उघडताना पोटात खड्डा पडायचा. ‘बेचाळिसाव्या वर्षी कशाला हे’ असं मनात येऊन गेलं. २९ ऑगस्टला दोन ओळींचा दुसरा मेल टाकला आणि ३१ ला उत्तर आलं: नवीन मुलं येण्याची गडबड होती, १४ सप्टेंबरला भेटू या. तुम्ही अर्ज करणार असाल तर ऑगस्टऐवजी जूनमध्ये करा. जूनमध्ये कोचकडे श्वास घ्यायला वेळ असतो.

भेट त्यांच्या ऑफिसात झाली. शेजारच्या खोलीत धुलाईयंत्र चालू होतं आणि दर वीस मिनिटांनी कोच उठून यंत्रातले कपडे बदलून येत होते. तिथेच मला छोट्या कॉलेजचा स्टाफ कळला. पूर्ण पगारावर एकटे मुख्य कोच. तेही व्यायामशाळेचं वेळापत्रक सांभाळतात आणि शारीरिक शिक्षणाचे दोन वर्ग घेतात. पिचिंग (चेंडू टाकणं) बघणारे सहायक एका हायस्कुलात विज्ञान शिकवतात, शाळा सुटल्यावर चारला येतात. फलंदाजी बघणारा सहायक म्हणजे दोन वर्षांपूर्वी याच संघातून खेळलेला मुलगा. तो दिवसा विमा कंपनीत काम करतो आणि हंगामाचं थोडं मानधन घेतो. दुखापती बघणारी ट्रेनर आहे, पण तिच्याकडे आणखी दोन संघ. आणि खेळाडू ३८. इनफिल्डकडे (बेसजवळच्या क्षेत्ररक्षकांकडे) स्वतंत्र लक्ष द्यायला माणूसच नव्हता. कोचनी मला विचारलं, “फंगो मारता येते?” म्हणजे सरावासाठी चेंडू मारून देता येतात का. मी खरं ते सांगितलं, “येत नाही, शिकेन.” ते म्हणाले, “मग आधी कागदपत्रं करा.”

कागदपत्रांबद्दल सविस्तर लिहिते, कारण इथेच माझा सर्वांत जास्त वेळ गेला.

पहिली गोष्ट व्हिसाची. माझ्याकडे ग्रीन कार्ड होतं, म्हणून हा प्रश्न सरळ सुटला. एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदारांच्या व्हिसावर) असलेल्या मैत्रिणींनी मात्र ‘बिनपगारी आहे, मग काय हरकत’ असं गृहीत धरू नये. ज्या कामाला एरवी पैसे मिळतात ते फुकट करणंही अडचणीचं ठरू शकतं. आधी वकिलाला आणि कॉलेजच्या एचआरला लेखी विचारा.

१६ सप्टेंबरला एचआरकडून मोठा गठ्ठा आला: स्वयंसेवकाचा करार, बॅकग्राउंड चेकची संमती, गाडी चालवण्याच्या नोंदी तपासायची परवानगी, प्रशिक्षणांची यादी. बॅकग्राउंड चेकच्या फॉर्मवर एक रकाना होता: ‘आजवर वापरलेली सर्व नावे’. मी आत्ताचं एकच नाव लिहिलं आणि १९ तारखेला फॉर्म पाठवून दिला. ती चूक मला महागात पडली.

आपल्याकडे नावाच्या मध्ये आधी वडील असतात, लग्नानंतर नवरा येतो आणि आडनावही बदलतं. माझ्या पदवीवर माहेरचं पूर्ण नाव आहे. पासपोर्टवर माझं आणि नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात शेजारी शेजारी आहे. ड्रायव्हिंग लायसन्सवर तेच मधलं नाव झालं आहे. तपासणी करणाऱ्यांना हे तीन वेगळे लोक वाटले. ४ ऑक्टोबरला प्रश्न आला, की नोंदींमध्ये एक पुरुषाचं नाव दिसतंय, ती व्यक्ती कोण? माझ्या आयुष्यातल्या दोन्ही पुरुषांची नावं माझ्याच नावात का आहेत, हे मी एक पानभर लिहून कळवलं. सोबत जुना पासपोर्ट आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडला. दाखला मराठीत होता, त्याचं प्रमाणित भाषांतर करून घ्यायला ३५ डॉलर पडले. मग पुन्हा वाट बघणं. मराठी बायकांनी त्या रकान्यात पहिल्याच वेळी सगळी नावं लिहावीत, अगदी स्पेलिंगमधल्या एका अक्षराच्या फरकासकट.

मंजुरी येईपर्यंत मुलांसोबत मैदानावर पाऊल टाकायचं नाही, अशी एचआरची स्पष्ट अट होती. शरद ऋतूतला सराव तर चालू झाला होता. मी कोचना विचारलं, “कुंपणाबाहेर उभी राहू का?” ते हो म्हणाले. ऑक्टोबरभर मी नऊ वेळा २२ मैल गाडी चालवत गेले आणि जाळीच्या बाहेर वही घेऊन उभी राहिले. कोणता मुलगा चेंडूच्या पुढे येतो, कोण टाचेवर थांबतो, कोण चुकल्यावर मान खाली घालतो, हे लिहीत गेले. एकदा पाऊस आला तेव्हा गाडीत बसून काचेतून बघितलं. त्या दिवशी घरी येऊन थोडं रडले. मला कुणी काही बोललं नव्हतं, पण खेळ इतका जवळ असून हात लावता येत नव्हता. पुढे ती वही फार उपयोगी पडली, कारण आत गेले तेव्हा मला ३८ मुलांची नावं आणि सवयी पाठ होत्या.

दरम्यान प्रशिक्षणं उरकली. टायटल नाइन हा शिक्षणात लिंगभेदाला बंदी करणारा १९७२ चा कायदा, त्याचं ऑनलाइन सत्र दीड तासाचं. डोक्याला मार लागल्यावर काय करायचं त्याची पुस्तिका वाचून सही. ती सही दर वर्षी करावी लागते. सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबणं) आणि एईडीचा (विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचा) वर्ग एका शनिवारी, ८५ डॉलर, कार्ड दोन वर्षं चालतं. तो ऑनलाइन करू नका, बाहुलीवर हाताने दाबून बघितल्याशिवाय किती जोर लावावा लागतो ते कळत नाही.

क्लेरी कायद्याचं सत्र मी दोनदा पाहिलं. १९८६ मध्ये लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी या विद्यार्थिनीचा खून झाला. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि १९९० मध्ये कायदा झाला, की कॉलेजांनी आपल्या आवारातल्या गुन्ह्यांची माहिती उघड केलीच पाहिजे. या कायद्यात संघाचे कोचही माहिती पुढे कळवायला बांधील असतात. एखाद्या मुलाने माझ्याकडे विश्वासाने काही सांगितलं, तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मी देऊ शकत नाही. मुलं ट्रेनरशी आणि कोचशी किती मोकळेपणी बोलतात, हे पुढे पाहिलं तेव्हा या सत्राचं वजन कळलं.

आणि एक सट्ट्याचं. एनसीएए ज्या खेळांच्या स्पर्धा घेते, त्यांवर स्टाफमधल्या कुणीही पैसे लावायचे नाहीत, बिनपगारी असला तरी. मार्चमध्ये बास्केटबॉल स्पर्धेचे तक्ते भरून दहा-वीस डॉलरची पैज लावायची आमच्या ऑफिसात जुनी रीत आहे. मी मॅनेजरला कळवलं, की या वर्षापासून मला त्यात धरू नका. तुमच्या ऑफिसात असं काही असेल तर आधीच सांगून मोकळे व्हा.

९ नोव्हेंबरला, ५१ दिवसांनी, मंजुरीचा मेल आला. तोपर्यंत शरद ऋतूतला सराव संपून मैदानावर बर्फ पडलं होतं.

डिसेंबर मी फंगोला दिला. फंगो म्हणजे सराव देताना कोच वापरतात ती लांब, सडपातळ, हलकी बॅट. माझी ३५ इंची आहे, ७० डॉलरची. एका हाताने चेंडू वर सोडायचा आणि दोन्ही हातांनी बॅट धरेपर्यंत तो खाली आलेला असतो, त्याला हव्या त्या ठिकाणी हव्या त्या जोराने मारायचं. जळगावला आमचे सर क्रिकेटच्या जुन्या बॅटने आम्हाला झेल द्यायचे. ते किती कठीण होतं ते मला २२ वर्षांनी कळलं. कॉलेजच्या व्यायामशाळेत जाळीचा पिंजरा आहे. सकाळी साडेसहाला तिथे कुणी नसायचं. भिंतीवर चिकटपट्टीचे चार चौकोन लावले आणि रोज २०० चेंडू मारायचे ठरवले. पहिल्या आठवड्यात दहातले दोन चौकोनात जायचे. तळहाताला फोड आले, पट्टी बांधून मारत राहिले. वर टाकणं चुकलं की फटका चुकतो, इतकं साधं होतं ते. डोळ्यांसमोर, हात सरळ, चेंडूला फिरकी न देता सोडायचा. नाताळपर्यंत दहातले सात जाऊ लागले.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अगं, पण मुलगे ऐकतील का तुझं?” मला तीच भीती होती. ज्यूली क्रोटो ही १९८९ मध्ये मेरीलँडच्या सेंट मेरीज कॉलेजकडून बेसबॉल खेळली, एनसीएएच्या पुरुषांच्या संघात खेळणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी एक, आणि तेही डिव्हिजन ३ चंच कॉलेज. पुढे ती कोचही झाली. हे मी आईला सांगितलं खरं, पण ते माझ्यासाठीच जास्त होतं.

जानेवारी २०२३ मध्ये मुख्य कोच नॅशव्हिलला बेसबॉल कोचच्या राष्ट्रीय अधिवेशनाला गेले आणि परत आले तेव्हा माझ्या पदाचीच चर्चा घेऊन आले. डिव्हिजन १ मधून, म्हणजे सर्वांत वरच्या गटातून, ‘व्हॉलंटिअर कोच’ हा प्रकार बंद करायचं घाटत होतं. त्याच महिन्यात तो १ जुलै २०२३ पासून बंद करायचा निर्णय झाला. तिथे तीन पगारी कोच आणि एक बिनपगारी अशी मर्यादा होती. चौथ्या माणसालाही आता पगार देता येणार होता. आमच्या डिव्हिजनला तो निर्णय लागू नव्हता. पण डिव्हिजन १ चे बिनपगारी कोच वर्षानुवर्षं पूर्ण वेळ राबत होते, हे ऐकून मला वाईट वाटलं. माझं घर कोचिंगच्या पैशांवर चालत नव्हतं. तरुण कोचचं चालायला हवं असतं. आमच्या फलंदाजीच्या सहायकाकडे बघूनच ते कळायचं, रात्री बसमध्ये तो विम्याच्या परीक्षेची पुस्तकं वाचायचा.

जानेवारीच्या शेवटी व्यायामशाळेत सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी मी शॉर्टस्टॉपला ४० ग्राउंडर (जमिनीलगतचे चेंडू) मारले, सहा वाकडे गेले. मुलं काही बोलली नाहीत. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या बेसचा एक मुलगा सराव संपल्यावर आला आणि म्हणाला, “कोच, मला उलट्या हाताच्या बाजूला वीस मारता का?” ऑक्टोबरच्या वहीत त्याच्याच नावापुढे मी ‘उलटी बाजू, पाय उशिरा हलतो’ असं लिहिलं होतं. वीसऐवजी साठ मारले. त्या रात्री झोप लागली नाही मला आनंदाने.

सॉफ्टबॉल आणि बेसबॉलमधला खरा फरक मला अंतरांत भेटला नाही. बेस ६० फुटांऐवजी ९० फुटांवर, पिचर ६० फूट ६ इंचांवर, हे डोळ्यांना लवकर सवयीचं होतं. फरक होता लीडमध्ये. आमच्या सॉफ्टबॉलमध्ये चेंडू पिचरच्या हातातून सुटेपर्यंत धावपटूने बेस सोडायचा नाही. बेसबॉलमध्ये तो आधीच तीन-चार पावलं पुढे जाऊन उभा असतो आणि पिचर कधीही वळून पहिल्या बेसवर फेकू शकतो. पहिल्या बेसच्या कोचचं निम्मं काम हेच: पिचरकडे बघत राहायचं आणि धावपटूला वेळेत परत बोलवायचं. उजव्या हाताच्या पिचरची मागची टाच आधी उचलली तर तो बेसवर फेकणार, पुढची आधी उचलली तर फलंदाजाकडे. डावखुरा तर तोंड तुमच्याकडे करूनच उभा असतो, त्याचं शेवटपर्यंत कळत नाही. मी जेवताना, इस्त्री करताना फक्त टाचांचे व्हिडिओ बघितले.

दुसरं काम स्टॉपवॉचचं. १५ डॉलरचं घड्याळ घ्या, फोन वापरू नका. पिचरने हालचाल सुरू केल्यापासून चेंडू कॅचरच्या हातात पडेपर्यंत साधारण १.३ सेकंद लागतात. कॅचरने तो दुसऱ्या बेसवर पोचवायला साधारण २ सेकंद. झाले ३.३. आमच्या सर्वांत वेगवान मुलाला पहिल्यावरून दुसऱ्यावर जायला ३.४ लागतात. म्हणजे चांगल्या पिचरसमोर नुसत्या वेगावर तो बाद होणार. पण पिचर दमून १.५ वर गेला की पळता येतं. हा हिशेब मला फार आवडला. आकड्यांत रमणाऱ्या कुणालाही बेसबॉलचा स्टाफ जवळचा वाटेल.

मार्चच्या सुरुवातीला मिनियापोलिसच्या यू.एस. बँक स्टेडियममध्ये सामना होता. बाहेर बर्फ असतो म्हणून इथली कॉलेजं छताखालच्या त्या फुटबॉल स्टेडियममध्ये वेळ मिळेल तेव्हा खेळतात. आमची वेळ रात्री साडेदहाची. फलंदाजीच्या सहायकाची परीक्षा होती, म्हणून कोचनी मला पहिल्या बेसला उभं केलं. आमच्याकडे बेसच्या कोचला हेल्मेट घालावंच लागतं. २००७ मध्ये माइक कूलबॉ या कोचचा पहिल्या बेसजवळ उभे असताना चेंडू लागून मृत्यू झाला, त्यानंतर हेल्मेटची सक्ती आली. ते डोक्यावर चढवताना मला त्यांची आठवण झाली.

पाचव्या डावात आम्ही एका धावेने मागे, एक बाद, आमचा धावपटू पहिल्यावर. पिचर डावखुरा. मी त्याच्या गुडघ्याकडे बघत होते. तो बेसकडे वळला आणि माझ्या तोंडून शब्द निघायला अर्धा सेकंद उशीर झाला. मुलगा बाद. तो उठून कपडे झटकत माझ्याकडे बघून गेला. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर, पण मला ते अजून दिसतं. आम्ही दोन धावांनी हरलो. रात्री दीडला बसमध्ये मी कोचना म्हटलं, “तो माझ्यामुळे बाद झाला.” ते म्हणाले, “हो. गुडघ्याकडे बघू नका, खांद्याकडे बघा.” एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाची माफी मागितली. तो म्हणाला, “कोच, तुम्ही काहीतरी ओरडलात, पण ते इंग्रजी नव्हतं.”

घाईत माझ्या तोंडून ‘मागे!’ गेलं होतं.

त्याच महिन्यात फ्लोरिडाला गेलो. उत्तरेकडची कितीतरी कॉलेजं मार्चमध्ये विंटर हेवनच्या परिसरात जमतात आणि रोज सामने खेळतात. सहा दिवस, ३४ मुलं, १२ आसनी व्हॅन, त्यांतली एक माझ्याकडे. त्यासाठी कॉलेजच्या माणसाने मला दोन तास व्हॅन चालवायला लावली होती, उलटी पार्क करण्यासकट. जेवणाच्या भत्त्याची पाकिटं माझ्या ताब्यात होती: प्रत्येकी १५० डॉलर, एकूण ५१००, प्रत्येकाची सही घेऊन द्यायची आणि यादी परत आल्यावर जमा करायची. आधीच्या वर्षी ही यादी जुळवायला कोचची एक अख्खी सुट्टी गेली होती. मी ती विमानतळावरच पूर्ण केली. हिशेबाचं, बुकिंगचं, कागदांचं काम येणारी माणसं या स्टाफला फार हवी असतात. बेसबॉल कमी येतो म्हणून मागे राहू नका.

फ्लोरिडातल्या दुसऱ्या सामन्याआधी तो बाद झालेला मुलगाच कोचकडे गेला. डगआउटमधून (खेळाडू बसतात तिथून) आमचीच मुलं ‘बॅक’ ओरडतात, प्रेक्षकांतूनही कुणी ओरडतं, त्यात कोचचा आवाज ओळखू येत नाही. त्यापेक्षा यांचा तो शब्द ठेवू या का, असं त्याने विचारलं. मग अर्धा तास हॉटेलच्या पार्किंगमध्ये मुलं लीड घेत होती आणि मी ‘मागे’ म्हणत होते. ‘गे’ ऐकू येईपर्यंत थांबायचं नाही, ‘मा’ ऐकलं की झेपावायचं, असं त्यांनीच ठरवलं. त्या आठवड्यात लीड घेतलेला आमचा एकही मुलगा पिचरच्या फेकीवर पहिल्या बेसवर बाद झाला नाही. फोनवर आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ हसली आणि मग म्हणाली, “तुझ्या सरांना कळवते.”

परत आलो तर मिनेसोटा पांढरं. २०२२-२३ चा हिवाळा मिनियापोलिस-सेंट पॉलच्या नोंदींतला तिसऱ्या क्रमांकाचा बर्फाळ, सुमारे ९० इंच बर्फ. एप्रिलच्या सुरुवातीला मुलं, कोच, सगळे फावडी घेऊन मैदानावर. आधी ताडपत्रीवरचं बर्फ काढायचं, मग ताडपत्री गुंडाळायची, मग खाली साचलेलं पाणी स्पंजने टिपायचं. मैदानासाठी वेगळा माणूस नाही, स्टाफच करतो. पिचरच्या उंचवट्याची माती दंताळ्याने सारखी करणं, बेस बसवणं, रेषा मारणं. रेषा मारायच्या ढकलगाडीचा दांडा पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा वास तोच आला, जळगावच्या फक्कीचा. बाहेर तीन अंश होतं. सरांचा सकाळी सहाचा आवाज आठवला आणि मी रेषा दोनदा मारली, सरळ येईपर्यंत.

सामने पुढे ढकलले जात राहिले आणि मग एकाच आठवड्यात तीन-तीन दिवस दुहेरी सामने (एका दिवसात दोन) आले. घरी स्वयंपाक नवऱ्याने आणि मुलीने सांभाळला. त्या दोघांशी हे आधी बोलून घ्यायला हवं होतं, एप्रिलमध्ये बोलले. या काळात मी जे खचले ते शरीराने, मनाने नाही. पिचर्सची काळजी वाटायची. एनसीएएत एका सामन्यात किती पिच टाकायचे याला मर्यादा नाही, ती शिस्त स्टाफलाच पाळावी लागते. आमचे पिचिंगचे सर प्रत्येक मुलाच्या नावापुढे आकडा आणि विश्रांतीचे दिवस लिहायचे, आणि हरत असतानाही आकडा गाठला की मुलाला काढायचे. मी ती वही धरायची. त्यांच्याकडून शिकलेली ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

मे महिन्यात हंगाम संपला, बाद फेरीत आम्ही पोचलो नाही. शेवटच्या सामन्यानंतर हेल्मेट आणि किल्ल्या परत केल्या, सही केली. माझा खर्च लिहून ठेवला आहे: सीपीआर ८५, फंगो ७०, टर्फचे बूट ८०, स्टॉपवॉच १५, भाषांतर ३५ आणि साधारण ९० फेऱ्यांचं पेट्रोल सुमारे ५१५. एकूण ८०० डॉलरच्या आसपास. कपडे आणि हेल्मेट कॉलेजचं. पेट्रोलचे पैसे मागता येतात का, हे मी विचारलं नाही. तुम्ही सुरुवातीलाच विचारा.

ऑगस्ट २०२३ मध्ये कोचनी पुढच्या हंगामासाठी २००० डॉलर मानधन मंजूर करून आणलं. मानधन म्हटलं की नवे कागद: आय-९ (काम करायच्या परवानगीचा फॉर्म), डब्ल्यू-४ (कराचा फॉर्म) आणि कर्मचारी म्हणून पुन्हा बॅकग्राउंड चेक. ‘सर्व नावे’ या रकान्यात मी तिन्ही नावं लिहिली, खाली दाखल्याचं भाषांतर जोडलं. सहा दिवसांत मंजुरी आली.

सप्टेंबरच्या पहिल्या सरावाला मी साडेतीनला फाटकातून आत गेले. अकरा नवीन मुलं आली होती. दुसऱ्या बेसचा तो मुलगा त्यांना पहिल्या बेसजवळ उभं करून ‘मागे’ कसं ऐकायचं ते शिकवत होता.